‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका : दास्याचा कायदा आणि दास्याचे स्वरूप

१

मराठी ग्रंथांच्या अर्पणपत्रिका सहसा समीक्षेचा विषय होत नाहीत. मातापित्यांच्या स्मृतीस, गुरूच्या चरणी अथवा आश्रयदात्याच्या नावे ग्रंथ ठेवण्याचा तो एक शिष्टसंमत उपचार असतो आणि वाचक तो ओलांडून पुढे जातो. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) अर्पणपत्रिका मात्र अशी ओलांडून जाता येत नाही. पुण्यात बसून, मराठीत, प्रामुख्याने शेतकरी व कारागीर वर्गाच्या हितासाठी लिहिलेला हा ग्रंथ लेखकाने अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या लोकांस अर्पण केला आहे. आफ्रिकी गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी त्या लोकांनी जी निरपेक्ष वृत्ती दाखविली तिच्याविषयी आदर व्यक्त करावा, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्ततेसाठी तोच कित्ता गिरवावा, असा या अर्पणाचा दुहेरी हेतू आहे.

या अर्पणपत्रिकेकडे आजवर दोन दृष्टींनी पाहिले गेले. ग्रंथाचा गौरव करणाऱ्यांनी तिच्यात लेखकाची विश्वबंधुत्वाची भावना पाहिली. ग्रंथावर आक्षेप घेणाऱ्यांनी तिच्यात अतिशयोक्ती पाहिली. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाची जी संभावना केली तिचा रोख इतिहासाच्या व भाषेच्या शुद्धाशुद्धतेवर होता; तथापि त्या परंपरेतील पुढच्या टीकाकारांचा एक आक्षेप अधिक विचारार्ह आहे. तो असा की, अमेरिकेतील गुलाम ही कायद्याच्या दृष्टीने मालकाची मालमत्ता होती. महाराष्ट्रातील शूद्र कितीही दीन असला तरी त्याचे खरेदीखत कोणाच्या दप्तरी नव्हते. सबब दोहोंना एकच शब्द लावणे हा भाषेचा सैल वापर होय.

गौरव करणारे आणि आक्षेप घेणारे हे दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत. ‘गुलामगिरी’ हा शब्द फुल्यांनी उपमेच्या अर्थाने योजला, असे दोघेही गृहीत धरतात. एकाला ती उपमा उदात्त वाटते, दुसऱ्याला बेताल. प्रस्तुत लेखात हे गृहीतच तपासावयाचे आहे. त्यासाठी ग्रंथाबाहेर जाऊन अमेरिकेतील व आपल्याकडील दास्याच्या कायद्याचा इतिहास पाहणे अवश्य आहे. तो पाहिल्यावर फुल्यांचा शब्द पुष्कळ अंशी वाच्यार्थाने खरा ठरतो, असे आमचे मत आहे. आणि ग्रंथाची जी खरी उणीव आहे ती टीकाकारांनी दाखविली त्या ठिकाणी नसून दुसरीकडे आहे, असेही दिसून येते.

२

अमेरिकेतील दास्य हे प्रथमपासून सुस्पष्ट कायद्याने उभे राहिले, ही समजूत बरोबर नाही. व्हर्जिनियात १६१९ साली आफ्रिकेतून आणलेली माणसे उतरली तेव्हा त्यांच्या दर्जाची व्याख्या करणारा कायदा तेथे नव्हता. प्रथा आधी आली आणि कायदा तिच्या मागून, तुकड्यातुकड्यांनी आला. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या संहितेने काही अटींवर दास्यास मान्यता दिली. १६६२ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ठरविले की, अपत्याचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात अपत्य पित्याच्या मागे जात असे. येथे तो नियम उलटा केला गेला. त्याचे कारण उघड आहे. मालकापासून गुलाम स्त्रीस झालेले मूल स्वतंत्र ठरले असते, तर मालकाची हानी होती. नव्या नियमाने तेच मूल मालकाच्या संपत्तीत भर घालणारे ठरले. १६६७ साली दुसरा कायदा झाला : बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाचे दास्य संपुष्टात येत नाही. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसास दास करू नये ही जुनी भावना मालकांस अडचणीची होत होती. कायद्याने ती दूर केली. १७०५ च्या संहितेने गुलामांस वारसाहक्कादी बाबतींत स्थावर मालमत्तेप्रमाणे लेखले.

या तीन कायद्यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्याने दास्य गर्भात नेले, दुसऱ्याने ते धर्मांतराच्या आवाक्याबाहेर ठेवले, तिसऱ्याने ते जमिनीशी जोडले. कराराने अगर युद्धाने आलेली एक अवस्था अशा रीतीने जन्माची अवस्था झाली.

दास्याच्या विसर्जनाचा इतिहासही सरळ रेषेतला नाही. व्हर्माँटच्या १७७७ च्या घटनेने प्रौढांच्या दास्याचा निषेध केला. मॅसॅच्युसेट्समध्ये दास्य नष्ट करणारा स्वतंत्र अधिनियम झालाच नाही. एलिझाबेथ फ्रीमन, क्वॉक वॉकर अशा गुलामांनी १७८१ ते १७८३ या काळात न्यायालयांत दाद मागितली आणि सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत या राज्यघटनेतील वचनाचा आधार घेऊन न्यायालयांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिले. पेनसिल्व्हेनियाने १७८० साली अधिनियम केला. परंतु त्याने हयात गुलामांपैकी कोणासही मुक्त केले नाही. त्या दिवसानंतर जन्मणारी मुले तेवढी स्वतंत्र, आणि तीही आईच्या मालकाकडे वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत राबल्यानंतर. न्यूयॉर्कने १७९९ मध्ये याच धर्तीवर पुरुषांस २८ आणि स्त्रियांस २५ वर्षांची मर्यादा घातली. म्हणजे मुक्तीची किंमत राज्याने दिली नाही, मालकाने दिली नाही. ती गुलामांच्या मुलांनी आपल्या ऐन उमेदीच्या वर्षांनी चुकविली.

येथे एक दुवा सांगितला पाहिजे. फुल्यांनी तरुणपणी, १८४७ च्या सुमारास, टॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला व त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, हे सर्वश्रुत आहे. पेनसिल्व्हेनियाचा उपरोक्त अधिनियम ज्या विधिमंडळाने संमत केला त्याचा कारकून त्या वेळी हाच पेन होता. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि अमेरिकेतील दास्यविमोचनाचा कायदा यांच्यामधील धागा केवळ वृत्तपत्रीय वार्तेचा नव्हता, तो एका विचारपरंपरेचा होता.

१७८७ च्या संघराज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नाही. तथापि गुलामाची गणना तीनपंचमांश माणूस म्हणून करणारे, गुलामांच्या आयातीस १८०८ पर्यंत अभय देणारे आणि पळालेल्यास परत करावयास लावणारे, अशी तीन कलमे तीत आहेत. १८५७ साली ड्रेड स्कॉट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, मग ते मुक्त का असेनात, घटनेच्या अर्थाने नागरिक होऊ शकत नाहीत. हा निर्णय पुढील विवेचनाच्या दृष्टीने कळीचा आहे. मालकाने सोडले तरी दर्जा सुटत नाही, हे त्याचे मर्म. १८६३ चा लिंकनचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरता होता. दास्य संपूर्ण देशात कायद्याने संपले ते डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. तीतही गुन्ह्याबद्दलच्या शिक्षेचा अपवाद राखून ठेवला गेला.

३

आता आपल्याकडे वळू. धर्मशास्त्रातील दास्यविचारात दोन प्रवाह आहेत आणि ते वेगळे करून पाहिल्यावाचून फुल्यांच्या युक्तिवादाची परीक्षा होऊ शकत नाही.

पहिला प्रवाह व्यवहाराचा. मनूने दासांचे सात प्रकार सांगितले, नारदाने पंधरा. युद्धात जिंकलेला, घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला, वारशाने आलेला, दुष्काळात पोसलेला, ऋणापोटी दास झालेला असे हे प्रकार आहेत. नारदाने मुक्तीचीही रीत सांगितली आहे : धन्याने दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घट घेऊन फोडावा, त्याच्या मस्तकावर अक्षता व फुले टाकावीत आणि तो आता दास नाही असे तीन वेळा उच्चारावे. ऋणामुळे झालेला दास ऋण फिटताच सुटतो. मात्र घरी जन्मलेला, विकत घेतलेला, लाभलेला व वारशाने आलेला हे चौघे धन्याच्या प्रसादावाचून सुटत नाहीत. हा सारा विचार कायद्याचा आहे. त्यात दास्याला आरंभ आहे, कारण आहे आणि निदान काहींच्या बाबतीत शेवटही आहे.

दुसरा प्रवाह वेगळा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, दासप्रकार सांगण्याच्या अगदी अगोदर, असे प्रतिपादन येते की शूद्रास धन्याने सोडले तरी तो दास्यातून सुटत नाही. कारण दास्य हे त्याच्या ठायी निसर्गतःच आहे आणि ते त्याच्यापासून कोण दूर करणार? येथे दास्याला कारण उरले नाही, करार उरला नाही, शेवटही उरला नाही. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने जे तीन कायद्यांनी आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जे एका निर्णयाने साधले, ते येथे एका वचनात साधले आहे.

फुल्यांनी ‘गुलामगिरी’त हा दुसरा प्रवाह हेरला, हे त्यांच्या प्रतिभेचे गमक होय. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून, सोळा भागांत, ते मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथांची उलटतपासणी करतात, बळीराजाच्या राज्याची कल्पना उभी करतात, आणि उत्तरार्धात कुलकर्ण्यांपासून सरकारी खात्यांपर्यंतच्या समकालीन कारभाराकडे वळतात. पौराणिक भागातील त्यांचे व्युत्पत्तिविचार व वंशकल्पना आज कोणी इतिहास म्हणून स्वीकारणार नाही, आणि स्वीकारण्याचे कारणही नाही. परंतु त्या भागाचे ग्रंथातील कार्य इतिहास सांगण्याचे नाही. ज्या अवस्थेला ‘निसर्गतः’ म्हटले गेले तिला आरंभ होता, तिच्यामागे एक जय आणि एक पराजय होता, हे वाचकाच्या मनावर ठसविण्याचे ते कार्य आहे. निसर्गाला आरंभ दिला की त्याचा शेवटही कल्पिता येतो. प्रस्तावनेत ते शूद्रातिशूद्र व अमेरिकेतील गुलाम यांची तुलना करून दोहोंतील भेद केवळ एवढाच मानतात की एकांना जिंकून दास केले गेले आणि दुसऱ्यांना पकडून. हा भेद टीकाकारांस अपुरा वाटतो. परंतु दास्याच्या उत्पत्तीची जी कारणे स्मृतिकारांनी स्वतः सांगितली त्यांत जिंकलेला दास हा पहिलाच आहे. फुल्यांनी जन्मसिद्ध दास्याला पुन्हा व्यवहाराच्या प्रवाहात ओढून आणले. हा उपमेचा सैल वापर नव्हे. हा एक विधिविषयक युक्तिवाद आहे.

४

तथापि खरेदीखत कोणाच्या दप्तरी नव्हते, हा टीकाकारांचा मूळ दावाच वस्तुस्थितीस धरून नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी व बटकी यांचे उल्लेख विपुल आहेत. त्यांची खरेदी-विक्री होई, किमती नोंदल्या जात, त्या आहेरात व आंदणात दिल्या जात. दुष्काळात विकल्या गेलेल्या मुली, मुलुखगिरीत धरून आणलेल्या स्त्रिया, आणि बदकर्माच्या आरोपावरून सरकारने दासी केलेल्या स्त्रिया असे त्यांच्या उगमाचे मुख्य मार्ग होते. यांतील तिसरा मार्ग विशेष लक्षणीय आहे. गुन्ह्याची शिक्षा म्हणून दास्य हा अपवाद अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीत राखला गेला. पेशवाईत तो सरकारी कोठ्या, कारखाने व किल्ले यांना मजूर पुरविण्याचा नित्याचा मार्ग होता. कुणबिणीच्या पोटी जन्मलेल्या मुलांस ‘लेकवळे’ ही वेगळी संज्ञा होती आणि त्यांचा दर्जा आईवरून ठरे. व्हर्जिनियाचा १६६२ चा नियम आमच्याकडे अधिनियमावाचून चालत होता.

भाषेची साक्षही येथे घेतली पाहिजे. मोल्सवर्थच्या कोशात ‘कुणबीण’ या शब्दाचे दोन अर्थ मिळतात : एक कुणबी जातीची स्त्री, दुसरा विकत घेतलेली दासी. शेती करणाऱ्या वर्गाच्या स्त्रीचे नाव हेच दासीचे नाव व्हावे, यावरून व्यवहारातील दास आणि जन्माने शूद्र या दोन कोटींमधील अंतर लोकांच्या बोलण्यात किती थोडे उरले होते ते कळून येते. फुल्यांनी दोहोंची गल्लत केली असे म्हणणाऱ्यांनी ही गल्लत आधी मराठी भाषेने केली होती हे ध्यानात घ्यावे.

इंग्रजी राज्यात हे दास्य कसे संपले? ब्रिटिश साम्राज्यातील दास्य नष्ट करणारा १८३३ चा अधिनियम ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखास लागू नव्हता. तो त्यातून स्पष्टपणे वगळला होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलला या बाबतीत उपाय योजण्याची आज्ञा केली. विधी आयोगाचा अहवाल १८४१ साली आला आणि १८४३ चा पाचवा अधिनियम झाला. त्याची कलमे चार. सरकारी अधिकाऱ्याने महसुलाच्या वा हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोणास दास म्हणून विकू नये. दास्यावर आधारलेला हक्क कोणत्याही न्यायालयाने बजावून देऊ नये. दास आहे या कारणावरून कोणाची मिळकत हिरावली जाऊ नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध केल्यास जो गुन्हा ठरेल तो दासाविरुद्ध केल्यासही गुन्हाच ठरावा.

या अधिनियमाने कोणासही ‘मुक्त’ म्हटले नाही आणि दास बाळगणे हा गुन्हाही ठरविला नाही. त्याने एवढेच केले की न्यायालयाने धन्याकडे पाठ फिरविली. ज्या दासीस ही पाठ फिरल्याचे कळले आणि जिला जाण्यास ठिकाण होते ती निघून जाऊ शकत होती. जिला कळले नाही, तिचे दास्य जसेच्या तसे राहिले. खरेदी-विक्री दंडनीय झाली ती १८६० च्या दंडसंहितेने, म्हणजे १८६२ पासून. आणि मधल्या काळात, १८५९ साली, तेरावा अधिनियम झाला. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिरास व मजुरास मॅजिस्ट्रेटने काम पुरे करण्याचा अथवा रक्कम परत करण्याचा हुकूम द्यावा आणि न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद द्यावी, अशी त्यात तरतूद होती. प्रथम इलाख्यांच्या राजधान्यांपुरता असलेला हा कायदा इतरत्र लागू करण्याची मुभा होती आणि तो १९२५ च्या अधिनियमाने रद्द होईपर्यंत टिकला. दास्याचा हक्क बजावून देण्यास नकार देणारे राज्य उचलीचा हक्क बजावून देण्यास मात्र तुरुंगासह तयार होते.

५

‘गुलामगिरी’तील खरी उणीव आता दाखविता येते. फुल्यांचे लक्ष दास्याला जन्मसिद्ध ठरविणाऱ्या धर्मवचनावर आणि त्याचा लाभ घेणाऱ्या अधिकारी वर्गावर इतके खिळले होते की, विकल्या जाणाऱ्या प्रत्यक्ष माणसास त्यांच्या युक्तिवादात मध्यवर्ती स्थान मिळाले नाही. १८४३ चा अधिनियम झाला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्यांच्या बालपणीच्या पुण्यात कुणबिणी ही दूरची आठवण नव्हती. आपल्या प्रतिपादनास याहून सबळ पुरावा त्यांना मिळाला नसता. ज्यांनी पुढे स्त्रीशिक्षण, केशवपन व भ्रूणहत्या या प्रश्नांवर असामान्य धैर्य दाखविले त्यांच्या या ग्रंथात दासीचे दास्य गौण राहावे, ही गोष्ट खटकते.

दुसरे उदाहरण नाशिकचे. शहरालगत शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसविलेल्या वसाहतीत, १८६० च्या सुमारापासून, हिंदी महासागरात आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलामुलींना ठेवीत व त्यांना अक्षरओळख व कारागिरी शिकवीत. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या मोहिमेत १८६६ साली येथील काही तरुण होते. १८७४ साली लिव्हिंगस्टन यांचा देह लंडनला नेणारा जेकब वेनराइट हाही नाशिकच्याच शाळेचा. १८७३ साली, म्हणजे ‘गुलामगिरी’च्याच वर्षी, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारचा गुलामांचा बाजार तहान्वये बंद झाला, आणि त्यानंतर लवकरच शरणपूरची माणसे मोंबासाजवळच्या फ्रियर टाउन वसाहतीत नेण्यात आली. त्यांस मुक्त केले आरमाराने, राहण्याचे ठिकाण ठरविले मिशनने, परत पाठविण्याचा निर्णय घेतला दोघांनी मिळून. कायद्याने स्वतंत्र झालेला माणूस आपल्या जीवनाचा निर्णय स्वतः घेऊ शकतोच असे नाही, हे सांगणारे उदाहरण अमेरिकेत शोधण्याची गरज नव्हती.

तिसरी उणीव अर्पणपत्रिकेतीलच आहे. मुक्तीचे श्रेय ती मुक्त करणाऱ्यांच्या औदार्यास देते. पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्क यांचे कायदे पाहता ते औदार्य हिशेबी होते. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले पाऊल गुलामांनीच टाकले. आणि यादवी युद्धात हजारो गुलाम मळे सोडून संघराज्याच्या सैन्यास मिळाले नसते तर युद्धाचे स्वरूपच वेगळे झाले असते. १८६५ साली मिसिसिपीने केलेल्या कायद्याप्रमाणे मुक्त झालेल्या मजुराने वर्षाचा करार मध्येच सोडला तर त्याची तोवरची मजुरी बुडे आणि कोणीही अधिकारी त्याला धरून धन्याकडे परत आणू शके. खुद्द १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे मुक्त कृष्णवर्णीयांची कत्तल झाली आणि त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने कत्तलखान्यांच्या प्रकरणात चौदाव्या घटनादुरुस्तीचा अर्थ संकुचित केला. पुण्यातील लेखकास हे त्या वेळी ठाऊक असणे संभवत नव्हते, आणि त्याबद्दल त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ग्रंथाच्या आजच्या वाचकाने अर्पणपत्रिकेतील विश्वास आणि त्याच वर्षीचा वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवून वाचणे अवश्य आहे.

येथे डॉ. आंबेडकरांचे स्मरण होते. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा आपला १९४६ चा ग्रंथ त्यांनी फुल्यांस अर्पण केला. अन्यत्र गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी दाखविले की, गुलाम ही मालमत्ता असल्याने त्यास जगविण्यात धन्याचे हित असते. अस्पृश्यास जगविण्यात कोणाचेच हित गुंतलेले नसते. फुल्यांनी जे सादृश्य मांडले होते त्याला आंबेडकरांनी कायद्याच्या काट्यावर तोलले. अर्पणपत्रिकेचे खरे भाष्य हेच होय.

६

हा सारा विचार ग्रंथापुरता राहत नाही, हे दाखविण्यासाठी नाशिक जिल्ह्यातीलच कळवण तालुक्याचे उदाहरण घेतो. गिरणेच्या वरच्या खोऱ्यातील या तालुक्यात कोकणा, भिल्ल, महादेव कोळी यांची वस्ती मोठी आहे. १९३६ च्या आदेशान्वये मुंबई इलाख्यातील जे भाग ‘अंशतः वगळलेले’ म्हणून ठरविले गेले त्यांत नाशिक जिल्ह्यातून कळवण तालुका आणि पेठ महाल यांची नावे होती. अशा प्रदेशांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सिमिंग्टन यांनी सावकार व जमीनदार यांच्याकडून आदिवासींच्या होणाऱ्या पिळवणुकीची नोंद केली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी राबणाऱ्या वारल्यास ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकामुळे तो शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला.

कळवण, बागलाण व खानदेश या अहिराणी मुलुखात त्याच्या जागी ‘सालदार’ हा शब्द आहे. आखाजीपासून आखाजीपर्यंत साल ठरते. आरंभी उचल घेतली जाते. धान्य, कपडा, पायताण यांचा बोलीत समावेश असतो. प्रत्येक सालदार हा वेठबिगार नव्हे, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. ज्याची उचल सालाअखेर फिटते आणि जो दुसऱ्या आखाजीस दुसरे घर पाहू शकतो तो स्वतंत्र मजूर होय. परंतु आजारपणाचे खाडे, लग्नाचा खर्च, धान्याची बाकी हे सारे उचलीत मिळत गेले आणि साल संपूनही हिशेब संपला नाही, म्हणजे नारदाच्या यादीतील ऋणदास आपल्यासमोर उभा राहतो. फरक इतकाच की नारदाचा ऋणदास ऋण फिटल्यावर सुटत असे आणि याचे ऋण फिटण्यासाठी मांडलेलेच नसते.

या प्रश्नाचा निवाडा करताना दोन कायदे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. अलाबामात अलोन्झो बेली या मजुराने वर्षाच्या करारावर १५ डॉलर उचल घेतली आणि तो काम सोडून गेला. तेथील कायद्याप्रमाणे काम सोडणे व उचल परत न करणे हाच फसवणुकीच्या हेतूचा पुरावा मानला जाई आणि आपला हेतू काय होता हे सांगण्याची मुभाही मजुरास नव्हती. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा तेराव्या घटनादुरुस्तीच्या विरुद्ध ठरविला. म्हणजे दास्य नष्ट झाल्यास ४५ वर्षे लोटल्यानंतरही ते पुराव्याच्या एका नियमाच्या आड लपून राहिले होते.

भारतात संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने सक्तीच्या श्रमास मनाई केली. परंतु कर्जबद्ध श्रमाविरुद्धचा केंद्रीय अधिनियम १९७६ साली झाला आणि तो ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आल्याचे मानले गेले. १८४३ च्या अधिनियमाशी त्याची तुलना केली असता त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. त्याने न्यायालयास केवळ पाठ फिरविण्यास सांगितले नाही. प्रत्येक बद्ध मजूर मुक्त झाला असे घोषित केले, बंधनास कारण झालेले ऋणच नष्ट केले, आणि बिगार लादणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे ऋण बंधनकारी नाही हे शाबीत करण्याचा भार त्याने धनकोवर टाकला. अलाबामात मजुराविरुद्ध असलेले अनुमान येथे मजुराच्या बाजूचे झाले. १९८३ च्या डिसेंबरातील बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे अनुमान अधिक दृढ केले.

या अधिनियमातील व्याख्या ‘गुलामगिरी’च्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी. माणूस बद्ध होण्याची जी कारणे तिने दिली आहेत त्यांत उचल आहे, रूढीने आलेले कर्तव्य आहे, पूर्वजांकडून आलेले ऋण आहे, आणि विशिष्ट जातीत अथवा समाजात झालेला जन्म हेही एक स्वतंत्र कारण आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ज्या विधानास अतिशयोक्ती म्हटले गेले ते येथे संसदेच्या अधिनियमात व्याख्येच्या एका उपकलमाच्या रूपाने आले आहे. जन्म हे दास्याचे कारण असू शकते, ही उपमा राहिलेली नाही. ती कायद्याने मान्य केलेली वस्तुस्थिती आहे.

७

यावरून साहित्यसमीक्षेने घ्यावयाचा बोध कोणता? ‘गुलामगिरी’ला केवळ अलंकारिक अर्थाने वाचणे हे दिसते तितके निरुपद्रवी नाही. ‘वेठबिगार’ या शब्दाची स्थिती पाहावी. शासनाच्या कामासाठी विनामोबदला राबविण्याची जुनी वेठ आणि ऋणापोटी खाजगी धन्याकडे बांधले जाणे, या दोन भिन्न गोष्टींस मराठीत आपण हा एकच शब्द लावतो. त्यात कंटाळवाण्या नोकरीसही विनोदाने वेठबिगारी म्हणण्याची प्रथा पडली आहे. शब्द असा पातळ झाला की ज्यास त्याचा कायद्याच्या अर्थाने उपयोग आहे त्याच्या हातून तो निसटतो. अधिनियमाने जिल्ह्याच्या व उपविभागाच्या पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. परंतु समितीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्या अवस्थेस कोणते नाव द्यावे, हा प्रथम भाषेचा प्रश्न असतो आणि मग विधीचा. सालदार म्हटले तर तो करार ठरतो; बद्ध म्हटले तर ऋण नष्ट होते. एका शब्दाने माणसाचे दहा वर्षांचे ऋण राहते वा जाते.

फुल्यांच्या ग्रंथाचे मोल या दृष्टीने आखले पाहिजे. त्यांनी इतिहास चुकीचा लिहिला असेल. अमेरिकेच्या लोकांस त्यांनी पात्रतेहून अधिक श्रेय दिले असेल. दासीकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नसेल. हे दोष खरे आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. १९६९ साली धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेले समग्र वाङ्मय प्रसिद्ध झाल्यानंतर तर केवळ गौरवावर किंवा केवळ उपहासावर भागविणे अभ्यासकास शोभणारे नाही. परंतु ज्या अवस्थेला समाजाने निसर्ग म्हटले होते तिला त्यांनी तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, आणि ते नाव त्यांनी जगाच्या कायद्याच्या इतिहासातून, जाणीवपूर्वक निवडून घेतले. अर्पणपत्रिका ही त्या निवडीची नोंद आहे. तिला उपचार मानणे म्हणजे ग्रंथाचे पहिले वाक्य न वाचता ग्रंथाचा निर्णय देणे होय.